पॅटिओ कॉपी-पेस्ट होत नाही

हल्ली टेरेस फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही मित्राकडे जा, चहा येईपर्यंत एक शब्द कानावर पडतोच - 'मेडिटरेनियन'. "टेरेसवर आम्ही ना, रस्टिक मेडिटरेनियन पॅटिओ करणार आहोत." मग मोबाइल पुढे येतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळं दार, भाजक्या मातीच्या लाद्या, मोठ्या रांजणात ऑलिव्हचं झाड, कडेने लॅव्हेंडर आणि मुद्दाम गंज चढवलेलं लोखंडी टेबल. फोटो खरंच सुंदर असतात. दिवसाचे दहा तास मॉनिटरकडे बघून आलेल्या माणसाला संध्याकाळी अशा जागी बसावंसं वाटलं तर त्यात नवल नाही, आणि त्यावरून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण त्या पॅटिओचा फक्त यूआय उचलतो, आतलं लॉजिक तिकडेच ठेवतो. आणि लॉजिकशिवाय यूआय आणलं की पहिल्या जुलैत सिस्टीम क्रॅश होते. बहुतेक वेळा हा क्रॅश आपल्या घरात नाही, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छतावर दिसतो. म्हणून म्हटलं, या विषयावर एकदा सविस्तर लिहावं. पैसे तुमचे आहेत, छत काकूंचं आहे आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड तुम्हालाच दाखवायचंय.

आधी मूळ कोड वाचू. पॅटिओ म्हटल्यावर जगात ज्या गावाचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं ते म्हणजे दक्षिण स्पेनमधलं कोर्दोबा. इथे दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पॅटिओंचा उत्सव भरतो. लोक आपापल्या घरांची दारं उघडतात आणि कुणीही आत जाऊन अंगण बघून यावं. पहिली स्पर्धा १९२१ मध्ये झाली आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या उत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. लक्षात घ्या, युनेस्कोने लाद्या आणि कुंड्यांना वारसा म्हटलेलं नाही. वारसा म्हटलंय ते माणसांच्या एका सवयीला. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तेव्हा बुकमार्क करून ठेवा.

आता ही अंगणं झाली का? कारण साधं आहे, उन्हाळा. कोर्दोबा समुद्रापासून बरंच आत आहे आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशी ओलांडणं ही काही बातमी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये तर त्या प्रांतात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. एसी येण्याच्या कितीतरी शतकं आधी या लोकांनी त्यावर जो उपाय काढला तो म्हणजे पॅटिओ. रोमन लोकांच्या घरात मधोमध उघडी जागा आणि पावसाचं पाणी साठवायचं टाकं असायचंच. पुढे आठव्या शतकात आलेल्या अरबांनी त्यात पाणी, सावली आणि सुगंध यांची भर घातली. म्हणजे हे मशीन दोन हजार वर्षं डीबग होत आलेलं आहे.

ते चालतं कसं ते बघा. चारही बाजूंनी उंच भिंती आणि मध्ये त्या मानाने अरुंद मोकळी जागा. त्यामुळे जमिनीवर थेट ऊन दिवसातून थोडाच वेळ पडतं. भिंतींवर चुन्याचा पांढरा हात, त्यामुळे आलेलं ऊन बरंचसं परत वर जातं. भिंती जाड, म्हणून त्या सावकाश तापतात आणि सावकाश निवतात. दिवसा वरून कापडाचं छत ओढून घ्यायचं आणि रात्री ते सरकवून आकाश उघडं करायचं. रात्री दगड-विटा आपली उष्णता आकाशाकडे सोडतात, थंड हवा जड असल्याने खाली अंगणात येऊन साचते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते. जोडीला मधोमध विहीर किंवा छोटं कारंजं, आणि भिंतीवर टांगलेल्या शेकडो कुंड्यांना घातलेलं पाणी. त्या पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते. फोटोत जे जे 'सुंदर' दिसतं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला ड्युटी नेमून दिलेली आहे. नुसतं शोभेला बसलेलं तिथे जवळजवळ काहीच नाही.

आणखी एक. यातले बरेच पॅटिओ एका कुटुंबाचे नव्हतेच. 'कासास दे व्हेसिनोस', म्हणजे शेजाऱ्यांची घरं, असा तिथला जुना प्रकार. अंगणाभोवती खोल्या, एकेका कुटुंबाला एक किंवा दोन. विहीर सामाईक, कपडे धुण्याची जागा सामाईक, कधीकधी स्वयंपाकघरही सामाईक. आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही. पुण्यातल्या भाडेकरूंनी भरलेल्या वाड्याचा चौक आणि हा पॅटिओ एकमेकांचे चुलतभाऊ शोभतील.

आता 'रस्टिक' या शब्दाकडे येऊ. मूळ लॅटिन, अर्थ खेड्यातला, शेतावरचा. आपण त्याला गावरान म्हणू. त्या अंगणात नदीतले गोटे बसवून जमीन केलेली असते, कारण गोटे फुकट होते. लाद्या भाजक्या मातीच्या, कारण माती गावचीच. भिंतीला चुना, कारण तो स्वस्त, जंतू मारणारा आणि दरवर्षी घरच्या घरी लावता येणारा. वरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा डबा. हा डबा आज तिथे पर्यटकांच्या फोटोंचा हिरो आहे, पण त्याचा शोध कुणा डिझायनरने लावलेला नाही. हात पोचत नव्हता, म्हणून काठी लावली. बस.

म्हणजे गावरान असणं हा लुक नाहीच. जे जवळ मिळतं, जे आपल्या हाताने दुरुस्त करता येतं आणि जे जुनं झाल्यावर वाईट दिसत नाही, ते वापरायचं, अशी ती पद्धत आहे. मग मला सांगा, इटलीहून कंटेनरमधून आलेली, कारखान्यात मशीनने मुद्दाम टवके उडवलेली लादी पुण्यात बसवली तर ती रस्टिक कशी झाली? ती तर सगळ्यात शहरी, सगळ्यात महाग आणि सगळ्यात परकी वस्तू झाली. गावरान कोंबडी म्हणून फ्रोझन चिकन विकण्यातला हा प्रकार.

आता येतो खरा बग. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो. कोर्दोबात साधारण सहाशे. आकडे वाचून वाटेल, मग फरक कुठे आहे? फरक कॅलेंडरमध्ये आहे. भूमध्य सागरी हवामानाची व्याख्याच अशी की पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. तिकडे पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल असा थोडाथोडा पडतो. आपल्याकडे तोच पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, ऊबदार हवेत आणि कधीकधी एका संध्याकाळी शंभर मिलिमीटर असा कोसळतो. बेरीज जवळपास तीच, पण टाइमिंग नेमकं उलट. आणि मुंबई-कोकणात तर बेरीजही तीन-चार पट.

या एका फरकाने काय काय होतं बघा. लॅव्हेंडर उन्हाळ्यात कोरड्या, खडकाळ जमिनीत सुखाने राहणारं झाड आहे. जुलैमध्ये त्याची मुळं ओल्या मातीत उभी राहिली की कुजतात. ऑलिव्ह जगतं, पण त्याला फुला-फळावर यायला हिवाळ्यात बऱ्यापैकी गारठा लागतो. आपल्याकडे ते रांजणात नुसतं उभं राहतं, बेंचवर बसवलेल्या रिसोर्ससारखं. ग्लेझ नसलेली मातीची लादी पाणी पिते, ऑगस्टपर्यंत तिच्यावर हिरवं शेवाळं येतं आणि पहिला कोण घसरणार एवढाच प्रश्न उरतो. उघड्या भिंतीवरचा चुना पावसाच्या माऱ्यात ओघळतो. मुद्दाम गंजवलेलं टेबल खराखुरा गंज पकडतं आणि त्याचे तपकिरी ओघळ लादीवर कायमचे बसतात. यात कंत्राटदाराचा दोष असेलच असं नाही. चुकीच्या प्लॅटफॉर्मवर बिल्ड केलं तर प्रोग्रामर कितीही चांगला असला तरी काय करणार?

"पण मग ऑथेंटिक कसं वाटणार?" हा पुढचा प्रश्न. इथे मला नेहमी गंमत वाटते. मेडिटरेनियन फोटोत भिंतीवर उसळलेली ती राणी रंगाची बोगनवेल आहे ना, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. अठराव्या शतकात बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेत ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली आणि त्याचंच नाव तिला चिकटलं. कोर्दोबाच्या कुंड्यांमधलं लाल-गुलाबी जिरेनियम दक्षिण आफ्रिकेतलं. कोपऱ्यातला घायपात मेक्सिकोचा. आणि संत्रं? कोर्दोबाच्या प्रसिद्ध मशीद-कॅथेड्रलच्या अंगणाचं नाव आहे 'पातिओ दे लोस नारांखोस', संत्र्याच्या झाडांचं अंगण. त्यातला 'नारांखो' म्हणजे आपला संस्कृत 'नारंग'. फारसी आणि अरबीच्या खांद्यावर बसून तो स्पेनला पोचला. झाडही पूर्वेकडूनच गेलं. म्हणजे त्या मंडळींनी जगभरातून जे जे आपल्या उन्हात टिकेल ते ते गोळा केलं आणि त्यालाच आज आपण अस्सल म्हणतोय. अस्सलपणा झाडांच्या यादीत नव्हता, निवडीच्या रीतीत होता.

आणि आता उलट बाजूने बघा. त्या बागेतली खरी जुनी मंडळी आपल्याकडे केव्हाच येऊन स्थायिक झालेली आहेत. कण्हेर, जी आपण देवळाच्या आवारात आणि हायवेच्या दुभाजकावर बघतो, ती भूमध्य प्रदेशापासून आपल्यापर्यंत पसरलेली. अंजीर म्हटलं की पुरंदर, सासवड. डाळिंब म्हटलं की सोलापूर. द्राक्षं म्हटलं की नाशिक. पुरंदरच्या अंजिराला आणि सोलापूरच्या डाळिंबाला तर जीआय टॅगसुद्धा आहे. ज्या माणसाच्या टेरेसवर मोठ्या कुंडीत अंजीर, एका कोपऱ्यात डाळिंब, भिंतीवर बोगनवेल, दाराशी जाई आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत कागदी लिंबू आहे, त्याचा पॅटिओ ऑनलाइन मागवलेल्या ऑलिव्हवाल्यापेक्षा जास्त मेडिटरेनियन आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. (कण्हेर मात्र विषारी असते. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर तिला सुट्टी द्या.)

दक्षिण युरोपातले लोक मान्सूनमध्ये राहायला आले तर काय करतील, हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या शेजारी गोव्यात त्याचं उत्तर उभं आहे. पोर्तुगीज काळातल्या तिथल्या घरांपुढे बाल्कांव असतो. दोन बाजूंना बसायचे दगडी-विटांचे बाक, रस्त्याकडे तोंड आणि डोक्यावर कौलारू छप्पर. बसायची हौस तीच, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायची सवय तीच, पण आकाश उघडं ठेवलेलं नाही. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात ते परवडत नाही, हे तिथे राहणाऱ्यांनी ओळखलं होतं. याला म्हणतात पोर्टिंग. फीचर ठेवायचं, कोड नव्या मशीनसाठी पुन्हा लिहायचा.

तर आता कामाचं बोलू. तुमच्याकडे पुण्या-नाशकाकडे दीडदोनशे चौरस फुटांचा टेरेस आहे आणि तुम्हाला असा पॅटिओ करायचाय. माझ्या मते क्रम असा हवा.

पहिलं वजन. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार, ज्यावर जाता येतं अशा सपाट गच्चीसाठी धरायचा किमान भार आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. राहत्या खोल्यांसाठी २०० किलो. तुमच्या बिल्डिंगचं डिझाइन नेमकं किती भारासाठी आहे ते स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. पण आधी एक गणित करा. कठड्याला लागून तीन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असा विटांचा वाफा बांधला, तर त्यातल्या ओल्या मातीचंच वजन होतं सुमारे १२०० किलो. म्हणजे एका छोट्या कारपेक्षा जास्त, आणि तेही दीड चौरस मीटरवर. चौरस मीटरला ८०० किलो! म्हणून बांधीव वाफे नकोत. सुट्या कुंड्या, मातीत भरपूर कोकोपीट, आणि जड कुंड्या टेरेसच्या मध्यावर नव्हे तर खाली तुळई असेल अशा कडेला. कोर्दोबावाले कुंड्या भिंतीला टांगतात, त्यातून हेही शिकता येतं.

दुसरं पाणी. वीस चौरस मीटरच्या टेरेसवर पुण्याच्या एका पावसाळ्यात अंदाजे चौदा हजार लिटर पाणी पडतं. ते सगळं एका पाइपातून जायचंय. एका मित्राच्या टेरेसचं काम चालू होतं तेव्हा इंटिरियरवाल्या बाई लाद्यांचे तीन नमुने मांडून बसल्या होत्या. मिस्त्रींनी तिन्ही बघितले आणि म्हणाले, "साहेब, लादी कुठलीबी लावा हो, पण पानी कुठनं काढायचं ते आधी सांगा." माझ्या मते त्या दिवशी त्या टेरेसवर बोललं गेलेलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते होतं. उतार दर मीटरला किमान एक सेंटिमीटर. जुनी वॉटरप्रूफिंग, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा, फोडायचा नाही. त्याच्यावर नवी लादी घालायची असेल तर आधी तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या काकूंकडे चहाला जाऊन छत बघून या. भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे सिमेंटची गोलाई हवी, कारण पाणी शिरतं ते नेहमी कोपऱ्यातून. हे काम फोटोत कधीच दिसत नाही. म्हणूनच बजेटमधून पहिलं हेच कापलं जातं.

तिसरी जमीन. इथे मी सरळ पॉलिश न केलेल्या कोट्याला किंवा आपल्या शहाबादी फरशीला मत देतो. दगड पक्का, मिळतो जवळ, पाय घसरत नाही आणि दहा वर्षांनी आजच्यापेक्षा चांगला दिसतो. मातीच्या लादीचा मोह आवरत नसेल तर ती छपराखालच्या भागात लावा, उघड्यावर नको. एखाद्या पट्ट्यात गोटे बसवा, पण सिमेंटमध्ये पक्के, नाहीतर पहिल्या पावसात ते पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसतील.

चौथी भिंत. पांढरी हवीच, कारण ती उजेड आणि ऊन परतवते. चुना लावायचा असेल तर वेळ बदला. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडावर लावतात, आपण पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी. हे काही नवीन नाही, आपल्या आज्या हेच करायच्या. आणि तो दरवर्षी लावावा लागणार, हे मान्य असेल तरच लावा. नसेल तर बाहेरच्या भिंतीचा साधा पांढरा रंग घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

पाचवी सावली. टेरेसवर पॉलिकार्बोनेटचं पक्कं छत टाकणं हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुन्हा. (शिवाय पालिकेच्या नियमांत ते बसतं का, हा वेगळाच विषय.) दिवसा ते ऊन आत घेतं आणि रात्री फरशीला आकाशाकडे उष्णता सोडू देत नाही. म्हणजे पॅटिओचं नेमकं उलट मशीन तयार होतं. त्यापेक्षा तारेवर सरकणारं जाड कापड लावा. मार्च ते मे दिवसा ओढायचं, सूर्य गेला की सरकवायचं, जूनमध्ये काढून ठेवायचं. घराला लागून चार-पाच फुटांची पडवी मात्र पक्की आणि कायदेशीर असेल तर उत्तम, कारण पाऊस बघायलाही जागा हवीच ना.

द्राक्षाच्या मांडवाबद्दल एक शब्द. भूमध्य प्रदेशात द्राक्षवेल हा स्मार्ट उपाय आहे. उन्हाळ्यात पानांची दाट सावली, हिवाळ्यात पानं गळून ऊन घरात. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. एप्रिलची छाटणी म्हणजे ऐन उन्हाळ्यात काही आठवडे मांडव उघडाबोडका! शिवाय पावसाळ्यात केवडा रोग येणार, फवारण्या आल्या. सावलीसाठी मधुमालती किंवा कृष्णकमळ लावा आणि द्राक्षं नाशिकवाल्यांकडून विकत घ्या.

सहावा गारवा. इथे आपल्याकडे आधीच एक तंत्र आहे, त्याचं नाव सडा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. संध्याकाळी फरशीवर शिंपडलेलं दहा लिटर पाणी पूर्ण उडून गेलं तर त्याने जवळपास पावणेसात युनिट इतकी उष्णता उचललेली असते. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने सव्वा तास चालवला तर एवढी उष्णता बाहेर फेकतो. उघड्या जागेत हा सगळा गारवा तुमच्या वाट्याला येत नाही, हे खरं. पण पाय ठेववत नाही ती फरशी बसण्याजोगी होते, ती याच हिशेबाने. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. मुंबईत आणि कोकणात हवाच ओली, तिथे पाणी लवकर उडतच नाही. तिथल्या लोकांनी पाण्याऐवजी वाऱ्याचा विचार करावा, म्हणजे भिंती कमी आणि मोकळी जाळी जास्त. कारंजं लावणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की पंप बंद पडलेलं कारंजं म्हणजे डासांचं प्रसूतिगृह. आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी काढून कोरडं करा, कुंड्यांखालच्या ताटल्यांसकट.

एवढं वाचून एखादा नक्की म्हणणार, "अरे, शहाबादी फरशी, चुना, सडा, जाई आणि डाळिंब.. मग त्याला मेडिटरेनियन कशाला म्हणायचं? सरळ अंगण म्हण की!" म्हणा ना. माझी काहीच हरकत नाही. फक्त 'आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतं' म्हणून कॉलर ताठ करायची असेल, तर मग थोडं थांबा. होतं, पण आपण ते ठेवलं नाही. वाडे पाडताना चौकाचं पार्किंग केलं आणि आता तीच गोष्ट परदेशी नावाने, चौपट भावात परत घ्यायला निघालोय. कोर्दोबातही लोक जुन्या घरांतून नव्या फ्लॅटमध्ये गेलेच, अंगणं तिथेही रिकामी पडली. पण निदान काही घरांनी ती टिकवली, आणि गावाने स्पर्धा भरवून त्या टिकवण्याला मान दिला. म्हणून त्यांच्याकडून शिकण्यात मला लाज वाटत नाही.

आणि शिकण्याची खरी गोष्ट तो मघाशी बुकमार्क केलेला मुद्दा. सवय. कोर्दोबातल्या त्या शेकडो कुंड्यांना उन्हाळ्यात रोज, काठीला डबा लावून, कुणीतरी पाणी घालतं. बहुतेक ठिकाणी हे कुणीतरी म्हणजे त्या घरातली बाई असते, तिच्या आधी तिच्या आईने घातलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅटिओ हा प्रोजेक्ट नाहीच, तो प्रॉडक्शन सपोर्ट आहे. रिलीज पार्टी एका दिवसाची असते, सपोर्ट रोजचा. घरात रोज वीस मिनिटं देणारं कुणी आहे का, की तेही काम गृहीत धरून आई किंवा बायकोच्या गळ्यात घालायचंय? हा प्रश्न लाद्या निवडण्याआधी घरात बसून मोकळेपणाने बोलायला हवा. उत्तर 'नाही' असेल तर चाळीसऐवजी चार कुंड्या लावा. चार ताज्या कुंड्या चाळीस मेलेल्या कुंड्यांपेक्षा केव्हाही बऱ्या.

दुसरी सवय दार उघडण्याची. मी बघितलेल्या बहुतेक हौशी टेरेसांवर दोनच खुर्च्या असतात, आणि त्याही अशा की पंधरा मिनिटांत पाठ दुखावी. मूळ पॅटिओ दहा-बारा जणांच्या वावराचा होता. तिथे भाज्या निवडल्या जायच्या, कपडे वाळायचे, पोरं पडायची, भांडणंही व्हायची. म्हणून माझा सल्ला असा की बजेटमधले शेवटचे पैसे पुतळ्यावर किंवा कारंज्यावर घालवू नका. भिंतीच्या कडेने एक लांब बाक करा, पाच-सहा माणसं टेकतील असा. जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्यांचं सागवान मिळतं, ते आधीच गावरान झालेलं असतं. आणि पहिलं आमंत्रण खालच्या काकूंना द्या. तुमच्या हौसेची सगळी जोखीम त्यांच्या छताने घेतलेली असते, तेवढा मान त्यांचा आहेच.

असो. बरंच लांबलं. या वीकेंडला एवढंच करा. नर्सरीत जायच्या आधी, इंटिरियरवाल्यांना फोन करायच्या आधी, टेरेसवर एक बादली पाणी ओता आणि ते कुठे जातंय ते बघत उभे राहा. ते सरळ पाइपाकडे गेलं तर तुम्ही पॅटिओ करायला मोकळे. मध्येच कुठे थबकलं, तर लाद्यांचे फोटो बाजूला ठेवा आणि आधी मिस्त्रींना बोलवा.